लाइन कोणाच्या नावावर

९ जानेवारी

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. "बाळ्या आता बोलतो का गं" असं विचारलंय तुम्ही. बोलतात. सकाळपासून बोलतात. पण शब्द एकच.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की अर्धांगाच्या झटक्यानंतरही समजतं त्यांना बऱ्यापैकी, पण समजलेलं तोंडातून बाहेर यायची वाट बुजलीय. अशा माणसांकडे कधीकधी एखादाच शब्द उरतो, आणि कोणता उरेल ते कुणाच्या हातात नसतं. कुणाकडे शिवी उरते, कुणाकडे आईची हाक. तुमच्या भावाकडे 'लाइन' उरली. सत्तावीस वर्षं विजेच्या खांबावर काढली, त्याचं बक्षीस. मी चोवीस वर्षं संसार केला, पण माझं नाव काही उरलं नाही. असो.

शिवणाच्या मापांची वही मी मागच्या बाजूने उघडलीय आणि अर्थ लिहून ठेवते. हनुवटी उचलून 'लाइन?' म्हणजे पाणी. दोनदा झटपट म्हणजे भांडं आणा, आणि लवकर आणा. लांबवून म्हटलं की कूस बदलायची. खिडकीबाहेर दुधासाठी माणसं उभी राहिली की तिकडे बोट. ती बिचारी खरीखुरी लाइन. माझी टीप वाकडी गेली की मशीनकडे बघून म्हणतात. पूर्वीही म्हणायचे, 'बाई, लाइन सुटली तुझी.' परवा वरच्या मजल्यावरची नवी साडी नेसून चौकशीला आली, तर तिच्याकडे बघून असं काही म्हणाले की मी म्हटलं, 'या वयात लाइन मारता का?' डाव्या गालाने हसले. उजवा अजून हलत नाही. त्या रात्री मला बरं वाटलं.

असे एकोणीस अर्थ झाले. एवढासा इंग्रजी शब्द, पण हमालासारखा सगळ्या घराचं ओझं वाहतोय.

विसावा मात्र मला लागत नाही. संध्याकाळी दिवा लावला की सुरू होतं. वर बोट दाखवतात, छपराच्याही वर. डाव्या हाताने पलंग बडवतात, मला दाराकडे ढकलतात, आणि 'लाइन, लाइन, लाइन' असा घसा फुटेस्तोवर आक्रोश. मग दातखीळ बसावी तसं तोंड मिटतात. रात्री घास नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. वजन त्रेपन्न किलोवर आलंय. बाई म्हणतात, आणखी उतरलं तर पोटात नळी घालावी लागेल.

तुम्हाला फोनवर ऐकू आलं असतं तर मी रोज फोनवर रडले असते. आता पत्रात रडते. काही सुचलं तर कळवा.

तुमची सुई
(हे नाव तुम्ही ठेवलंत तेव्हा राग आला होता. आता टोचायलाही कुणी उरलं नाही.)


१५ जानेवारी

चि. सुईस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तू हुशार आहेस, पण विसावा अर्थ तुला लागणार नाही, कारण तो तुझ्या लग्नाआधीचा आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं कानाला डबडी लावून बसले, म्हणून आज ठार बहिरी झालेय, हे तुला ठाऊक आहे. बाळ्या शाळेत होता तेव्हा आई आजारी असायची. रोज दिवेलागणीला तो कोपऱ्यावरच्या दुकानातून मला फोन करायचा. मी म्हणायची, 'लाइनवर थांब.' दुसऱ्यांचे फोन जोडता जोडता त्याला विचारायची, आईने औषध घेतलं का, तू जेवलास का. तो तासभर लाइनवर थांबायचा. मी हो म्हटल्याशिवाय जेवायचाही नाही.

दिवेलागणीची वेळ, वर बोट, तुला दाराकडे ढकलणं आणि न जेवणं. अगं, तो मला फोन लाव म्हणतोय. मी कानाने गेल्यापासून आम्ही बोललोच नाही. त्याला वाटत असेल ताईने लाइन तोडली.

येत्या रविवारी सहाला फोन लाव आणि रिसीव्हर त्याच्या हातात दे. मला ऐकू येणार नाही, पण मी बोलेन. जेव म्हणेन.

तुझी वन्सं


२७ जानेवारी

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

रविवारी सहाला फोन लावला. तुमचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. 'बाळ्या, जेवून घे, मी लाइनवर आहे.' त्यांनी रिसीव्हर कानाशी धरला. डोळे भरून आले, तुम्हाला ओळखलं हे नक्की. एकदाच 'लाइन' म्हणाले, अगदी हळू. मग चुकून दुसऱ्याचं पार्सल हातात पडावं तसा रिसीव्हर माझ्याकडे परत दिला. आणि तेवढ्यात शेजारच्या घरात दिवा लागला, आणि पुन्हा तेच.

वाईट वाटून घेऊ नका. तुमचा अर्थ मी वहीत लिहिलाय. पण तो विसावा नाही.

गुरुवारी तर कहर झाला. मी पीठ चाळत होते. धप्पकन आवाज आला. हे भिंतीला धरून पॅसेजपर्यंत गेले होते, लंगडत, एका पायावर. घराचा मेन स्विच ओढून खाली पाडला आणि स्वतःही पडले. कपाळाला चार टाके. अंधारात मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तेव्हा ओरडले नाहीत, फक्त रडत होते.

तेव्हापासून आम्ही संध्याकाळी दिवा लावत नाही. दिवस मावळला की दोन माणसं काळोखात बसतात. तरी खिडकीतून रस्त्यावरचा दिवा दिसतोच. मी पडदा शिवला, दुहेरी कापडाचा. तरी फटीतून दिसतो. वजन एकोणपन्नास. बाईंनी वीस फेब्रुवारीची तारीख दिलीय. तोपर्यंत खाल्लं नाही तर नळी.

नळी घातली की हात बांधून ठेवावे लागतात म्हणे, नाहीतर पेशंट उपटून काढतो. यांचा एकच हात चालतो, वन्सं. तोही बांधायचा?

सुई


३१ जानेवारी

चि. सुईस आशीर्वाद.

मी इकडे दहा मिनिटं घड्याळाकडे बघत एकटीच बडबडत होते. पलीकडे कुणी आहे की नाही हेही कळत नव्हतं. एकतीस वर्षं जगाला जोडून दिलं आणि स्वतःच्या भावाशी बोलता येईना. ते जाऊ दे. मी चुकले.

आता मला नीट उत्तरं दे. झटका आला त्या दिवसाबद्दल तू मला पाच पत्रं लिहिलीस. दवाखान्याचा जिना, नर्सचा स्वभाव, सलाइनची बाटली, सगळं लिहिलंस. तो खांबाशी पडला, त्याबद्दल एक ओळ नाही. काय काम चाललं होतं? वर कोण होतं, खाली कोण?

आणि सरडा कुठे आहे? बावीस वर्षं दोघं एका ताटात जेवले. खांबावर सरसर चढायचा म्हणून बाळ्यानेच त्याला सरडा नाव दिलं. 'आमची धाव कुंपणाऐवजी खांबापर्यंत' म्हणून तो स्वतःच हसायचा. तुझ्या एकाही पत्रात तो नाही. असं कसं?

वन्सं


४ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

त्या माणसाचं नाव या घरात निघत नाही. मी सगळ्यांना बजावून ठेवलंय, खात्यातली माणसं भेटायला आली त्यांनाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लोंबकळणाऱ्या तारेचं काम होतं. तो वर, हे खाली. हे कोसळले. समोरच्या चहावाल्याने डोळ्यांनी पाहिलंय, तो महाशय लगेच उतरलाच नाही. हे मातीत पडलेले आणि तो वर पक्कड चालवतोय. दहा मिनिटं, चहावाला म्हणतो. बाई म्हणतात अशा दुखण्यात मिनिटाला किंमत असते. दहा मिनिटं आधी पोचते तर आज दोन शब्द जास्त उरले असते. कदाचित दहा. कदाचित माझं नाव.

आणि त्यानंतर तो फिरकलासुद्धा नाही. बावीस वर्षांची दोस्ती. सरडाच तो, रंग बदलला.

पुन्हा विचारू नका.

सुई


८ फेब्रुवारी

चि. सुईस आशीर्वाद.

विचारणार. तू रागाव.

आमचे बाबा गेले त्या दिवशीचं तुला कुणी सांगितलं नसेल. त्यांना दवाखान्यात हलवलं तेव्हा बाळ्या कामावर होता. मी निरोप धाडला, ताबडतोब ये. तो पाच तासांनी आला. बाबा गेले होते. मी सगळ्यांदेखत त्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, 'ताई, लाइन माझ्या नावावर होती.'

नंतर त्याने समजावलं. खांबावर माणूस चढवण्याआधी तो सबस्टेशनला फोन करायचा, लाइन माझ्या नावावर बंद करा. तिथला माणूस वहीत नाव लिहायचा आणि वीज तोडायचा. मग मोठ्या साहेबाने सांगू दे की मंत्र्याने, ती लाइन चालू व्हायची नाही. ज्याच्या नावावर बंद, त्यानेच स्वतःच्या तोंडाने सांगायचं, माझी सगळी माणसं खाली उतरली, लाइन परत घ्या. दुसऱ्या कुणी दिली आणि वर कुणी राहिलं असेल, तर तो कोळसा. त्या दिवशी त्याची चार माणसं चार खांबांवर होती. बाप मरत होता, पण तो हलला नाही.

आता सांग. झटका आला त्या दिवशी, चोवीस नोव्हेंबरला, लाइन कोणाच्या नावावर होती? आणि बाळ्या बेशुद्ध पडल्यावर ती परत कोणी दिली?

मला उत्तर येत नाही. सरड्याला येत असेल. तू जा त्याच्याकडे. मान खाली घालून गेलीस तरी चालेल, पण जा.

वन्सं


१३ फेब्रुवारी

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

आधी एक खोटं परत घेते. तो आला होता. आठव्याच दिवशी आला होता. यांचा कमरेचा पट्टा आणि जेवणाचा डबा हातात घेऊन दारात उभा होता. मी डबा घेतला आणि म्हटलं, 'अजून दहा मिनिटं वरच थांबायचं होतंस.' आणि दार लावलं. तो बराच वेळ बाहेर उभा होता. मी भोकातून बघत होते. हे आत पलंगावर होते, जागे होते.

तुमचं पत्र आलं आणि मी काल गेले. तो आता खांबावर चढत नाही. खात्याच्या कोठारात बल्बच्या खोक्यांमध्ये बसतो. मला बघून उठला, स्टूल पुसून पुढे केलं. मी उभ्यानेच विचारलं, 'भाऊजी, त्या दिवशी लाइन कोणी परत दिली?'

त्याने आधी कोठाराचं दार लोटून घेतलं.

'वहिनी, तार तुटून निम्मी खाली आली होती. शाळा सुटायची वेळ. मी बघतोय तेवढ्यात हा खाली पडला, माझ्याकडे बघत पडला. तशीच सोडून उतरलो असतो तर तार पोरांच्या डोक्यावर आली असती. बांधली आणि उतरलो. चार मिनिटं. चहावाला दहा म्हणतो, मला तर वर्ष वाटलं.'

'आणि लाइन?'

'दवाखाना त्याच लाइनवर. याला स्ट्रेचरवर घेतलं, डोक्याचा फोटो काढायचं मशीन बंद. जनरेटरवर ते मशीन ओढत नाही म्हणाले. लाइन याच्या नावावर. याच्याशिवाय कोण देणार? मग मी बाहेर जाऊन सबस्टेशनला फोन लावला. याच्या आवाजात.'

यांच्या आवाजाची नक्कल तो हुबेहूब करतो, वन्सं. 'आज यायला उशीर होईल' असं सांगून मलाही कितीदा फसवलंय. हे बाहेर कळलं तर त्याची नोकरी जाईल. कायदा मोडला त्याने. आणि कायदा मोडला म्हणून मशीन चाललं आणि हे जगले.

मग तो म्हणाला, 'दिवे लागले तेव्हा हा स्ट्रेचरवर होता. डोळे उघडले याने, नर्स म्हणाली. मी बाहेर फोनपाशी होतो.'

तेव्हा मला विसावा अर्थ लागला. यांनी शेवटचं पाहिलं ते सरड्याला, खांबाच्या टोकावर. नंतर डोळे उघडले तर दिवे लागलेले. आपण तर लाइन दिली नाही. मग वर असलेल्या माणसाचं काय झालं? तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लागतो आणि रोज यांच्या डोळ्यांसमोर सरडा जळतो. हे मला ढकलत होते, जा, बंद करा, माणूस वर आहे. मी त्यांच्या तोंडात भात कोंबत होते. आणि तो माणूस जिवंत, धडधाकट, माझ्या दाराबाहेर उभा होता. या घरात कुणी त्याचं नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. तेही मी घेऊ दिलं नाही.

अकरा आठवडे, वन्सं. मला कुठे तोंड लपवू असं झालंय.

रविवारी तो येतोय.

सुई


१६ फेब्रुवारी

चि. सुईस आशीर्वाद.

घाईत लिहितेय, रविवारनंतर पोचेल बहुतेक. एकच सांगते. तू दार लावलंस हे बाळ्याला सांगू नकोस. सरडा सांगणार नाही, मी सांगणार नाही. संसारात सगळं उघडं करायचं नसतं. झाकली मूठ तशीच राहू दे. त्याला जेवू दे.

वन्सं


१ मार्च

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी पोचलं, उशिरा.

रविवारी पाचला तो आला. दारातच घुटमळला. मी म्हटलं, 'या भाऊजी.' यांनी मान वळवली. नुसते बघत राहिले. मग डावा हात पुढे केला. सरडा पलंगाशी बसला. यांनी त्याचा उजवा तळवा उलटा करून पाहिला, मग डावा. मग पायाकडे बोट. सरड्याने बूट-मोजे काढले, तळपाय पुढे केले. यांनी दोन्ही तळव्यांवरून अंगठा फिरवला. वीज हातातून शिरते आणि पायातून निघते, तिथे भाजल्याची खूण राहते, हे मला सरड्याने नंतर सांगितलं. खूण नव्हती.

दिवेलागण झाली. सरड्याने स्वतः उठून बटण दाबलं. यांनी त्याचा सदरा मुठीत पकडला. तो म्हणाला, 'मी खाली आहे. सगळी माणसं खाली आहेत. लाइन मीच दिली, तुझ्या आवाजात. तू मरत होतास म्हणून दिली.'

तर यांनी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. डाव्या हाताची, पण सणसणीत. नियम मोडल्याबद्दल. आणि लगेच त्याच हाताने त्याचं डोकं छातीशी ओढलं. दोघं म्हातारे बाप्ये ओक्साबोक्शी रडले. मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तर हे वाटी पुढे करून बसले होते. दोन वाट्या मऊ भात खाल्ला, दिव्याच्या उजेडात.

जेवताना यांनी सरड्याला विचारलं. 'लाइन?' म्हणजे इतके दिवस कुठे होतास. सरडा खाली बघत म्हणाला, 'कामात होतो रे.' यांनी मान हलवली. पटलं नाही, पण सोडून दिलं.

वन्सं, तिथेच थांबायला हवं होतं. तुमचं पत्र आधी पोचलं असतं तरी मी थांबले असते की नाही, माहीत नाही. सोमवारी सकाळी मी भांडं घेऊन गेले तर हे माझ्याकडे बघून हसले. उजवा गालसुद्धा जरासा हलला. मला ते सोसवेना. मी पलंगाशी बसले आणि सगळं सांगितलं. तो आला होता, तुम्ही जागे होतात, मी दार लावलं, त्याचं नाव बंद केलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तोंड भिंतीकडे केलं.

बाईंनी नळी रद्द केली. वजन एक्कावन्न. दिवा लागला तरी काही होत नाही. सरडा एक दिवसाआड येतो, त्याच्याशी हे तासभर 'लाइन, लाइन' करतात, भांडतात, हसतात. दूधवाल्याशी बोलतात. वरच्या मजल्यावरचीशी बोलतात. खिडकीतल्या कावळ्यालाही परवा काहीतरी सुनावलं. मी खोलीत आले की तोंड मिटतं. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट करतात. कूस बदलायची असली तर स्वतःच धडपडतात. माझ्या हातचं जेवतात, राग दाखवत नाहीत. मी मुद्दाम टीप वाकडी घातली मशीनवर, दोनदा. बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

आज दहा दिवस झाले. त्यांच्याजवळ एकच शब्द आहे, वन्सं, आणि तो ते मला देत नाहीत.

तुम्ही या. तुमच्याशी ते बोलतील. मी स्वयंपाकघरात बसून ऐकेन.

सुई